एखादी पुळण बंद का करावी लागते?

थायलंडमधला माया बे दरवर्षी ऑगस्ट आणि सप्टेंबरमध्ये पर्यटकांसाठी बंद असतो. फिलिपिन्सने 2018 साली बोराकाय हे अख्खं बेट सहा महिने बंद ठेवलं होतं. ऑस्ट्रेलियाच्या ग्रेट बॅरिअर रीफवरच्या रेन बेटावर तर सामान्य माणसाला पाऊल ठेवायचीच परवानगी नाही. अशी बातमी आली की अनेकांना प्रश्न पडतो की वाळू आणि पाणी यात बिघडण्यासारखं असतं तरी काय? हजारो वर्षं लाटा खाऊन टिकलेला किनारा माणसांच्या चालण्याने खराब होतो म्हणजे नेमकं काय होतं?

प्रश्न रास्त आहे, आणि दूरच्या बेटांवर जायचं स्वप्न बघणाऱ्या प्रत्येकाने तो विचारायला हवा. निळं पाणी, पांढरी वाळू आणि माणसाचा मागमूस नाही असं चित्र बघताना आपण धरून चालतो की हा किनारा निसर्गाने एकदा घडवून ठेवला आहे आणि आपण फक्त तो बघायला जायचं. प्रत्यक्षात तो आजही घडतोय, रोज. आपण तिथे उतरतो ते चालू कामाच्या मधोमध.

ही वाळू येते कुठून?

खंडांच्या किनाऱ्यावरची बरीचशी वाळू नद्यांनी आणलेली असते. डोंगर झिजतो, दगडाचे कण होतात, नदी ते समुद्रात टाकते आणि लाटा परत किनाऱ्यावर आणतात. पण भर महासागरातल्या, पाण्यापासून जेमतेम दोन-तीन मीटर वर असलेल्या बेटावर ना डोंगर असतो ना नदी. तिथली पांढरी वाळू समुद्रातल्या जिवांच्या सांगाड्यांची असते. प्रवाळांचे तुकडे, शिंपल्यांचा चुरा, अंगात चुना साठवणाऱ्या हॅलिमेडा नावाच्या शैवालाच्या वाळलेल्या चकत्या आणि फोरॅमिनिफेरा या एकपेशीय जिवांची कवचं अशी ती सगळी मिसळ असते. जपानच्या इरिओमोते बेटावर एक किनारा आहे. तिथली चिमूटभर वाळू तळहातावर घेऊन नीट पाहिली तर त्यात टोकदार भुजा असलेले छोटे छोटे तारे दिसतात. त्यातला प्रत्येक तारा म्हणजे एकेकाळी जिवंत असलेल्या एका जिवाचं कवच.

या वाळूचा मोठा कारागीर म्हणजे पोपटमासा. त्याचे दात एकमेकांना जुळून चोच झालेली असते. त्या चोचीने तो मेलेल्या प्रवाळावरचं शैवाल खरवडतो आणि खरवडताना खालचा चुनखडकही तोडतो. घशातल्या दुसऱ्या दातांनी त्याचं पीठ करतो. त्यातलं अन्न शोषलं जातं आणि उरलेली बारीक पांढरी वाळू विष्ठेवाटे बाहेर पडते. पाण्याखाली डोकं घातलं तर त्याचं कुरतडणं कानाला स्पष्ट ऐकू येतं, आणि थोड्या वेळाने त्याच्या मागे पांढरा ढग उमटलेला दिसतो. मालदीवमधल्या वक्कारू बेटाभोवती शास्त्रज्ञांनी मोजणी केली, ती 2015 साली प्रसिद्ध झाली. तिथे नव्याने तयार होणाऱ्या वाळूपैकी 85 टक्क्यांहून जास्त वाळू पोपटमाशांची होती. कपाळावर मोठं टेंगूळ असलेली याची एक थोराड जात आहे. तिचा एक मासा वर्षाला पाच टनांहून जास्त प्रवाळखडक खातो.

म्हणजे ज्या मऊ वाळूवर आपण अनवाणी चालतो, ती समोरच्या पाण्यातल्या खडकावर आणि तिथल्या माशांवर अवलंबून आहे. खडक मेला किंवा मासे संपले तर वाळूचा पुरवठा आटतो.

पुरवठा आटला तर किनारा तरी राहील ना?

काही काळ राहील. पुळणीकडे बँकेतल्या चालू खात्यासारखं बघितलं की हे लवकर उमगतं. प्रवाळखडकाकडून रोज थोडी वाळू जमा होते, आणि लाटा, वादळं, प्रवाह रोज थोडी काढून खोल पाण्यात नेतात. जमा आणि खर्च सारखा असेपर्यंत शिल्लक तीच दिसते, आणि आपल्याला वाटतं की किनारा स्थिर आहे. जमा थांबली तरी खर्च थांबत नाही.

यात आणखी एक गोष्ट आहे, जी पहिल्यांदा जाणाऱ्याला माहीत नसते. लहान बेटांवरची वाळू जागा बदलते. मालदीवमध्ये मोसमी वारे फिरले की बेटाच्या एका बाजूची पुळण झिजते आणि दुसऱ्या बाजूला भर पडते. पुढच्या मोसमात उलट. हे नैसर्गिक आहे. पण हॉटेलसमोरची पुळण बारा महिने तशीच दिसावी म्हणून दगडी बांध घातला किंवा होड्यांसाठी वाळूच्या वाटेत भरीव धक्का बांधला, की ही ये-जा अडते. बांधाच्या एका बाजूला वाळू साचते आणि दुसऱ्या बाजूची झाडं मुळासकट पाण्यात पडू लागतात. मग तिथेही बांध घालावा लागतो.

प्रवाळाबद्दल इथेच सांगायला हवं. प्रवाळ हा दगड किंवा वनस्पती वाटतो, पण तो प्राणी आहे. हजारो चिमुकले जीव एकत्र राहून चुन्याचं घर बांधतात. त्यांच्या पेशींत सूक्ष्म शैवाल राहतं, तेच त्यांना बहुतेक अन्न आणि रंग देतं. उन्हाळ्यातल्या नेहमीच्या कमाल तापमानापेक्षा पाणी एखादा अंश जास्त तापलं आणि काही आठवडे तसंच राहिलं, तर हे शैवाल बाहेर टाकलं जातं आणि प्रवाळ पांढरा पडतो. याला विरंजन म्हणतात. पाणी लवकर थंड झालं तर तो सावरतो, नाहीतर उपासमारीने मरतो. जगभर एकाच वेळी विरंजन होण्याची चौथी घटना एप्रिल 2024 मध्ये जाहीर झाली, आणि पुढच्या वर्षभरात जगातल्या सुमारे 84 टक्के प्रवाळक्षेत्राला तिची झळ बसल्याचं नोंदवलं गेलं.

यात पक्ष्यांचा काय संबंध?

मला या सगळ्या विषयात सर्वात थक्क करणारा भाग हाच वाटतो.

समुद्रपक्षी दिवसभर खोल समुद्रात मासे पकडतात आणि रात्री बेटावर परततात. त्यांची विष्ठा म्हणजे नायट्रोजनयुक्त खत. पावसाबरोबर ते भोवतालच्या उथळ पाण्यात उतरतं आणि प्रवाळखडकावरच्या शैवालाला, स्पंजांना, माशांना पोसतं. हिंदी महासागरातल्या चागोस द्वीपसमूहात काही बेटांवर जहाजांबरोबर आलेले उंदीर आहेत आणि काहींवर ते कधीच पोचले नाहीत. उंदीर जमिनीवरची अंडी आणि पिल्लं खातात. 2018 साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात या दोन प्रकारच्या बेटांची तुलना केली गेली. उंदीर नसलेल्या बेटांवर समुद्रपक्ष्यांची घनता 760 पट जास्त निघाली. त्या बेटांसमोरच्या खडकांवर माशांचं एकूण वजन सुमारे निम्म्याने जास्त होतं, आणि पोपटमाशांचं खरवडणं तीनपटीहून जास्त.

आता साखळी जोडून पाहा. होडीतून एक गाभण उंदरीण बेटावर उतरते. काही वर्षांत पक्षी नाहीसे होतात, खत बंद होतं, मासे कमी होतात, वाळू कमी होते. उंदरीण कोणाला दिसलेलीही नसते.

माडांचंही असंच आहे. वाळूवर झुकलेला माड हे आपल्या डोळ्यांना निसर्गाचंच चित्र वाटतं. पण अनेक बेटांवरच्या माडांच्या दाट राया खोबऱ्याच्या व्यापारासाठी मूळचं जंगल तोडून लावलेल्या आहेत. प्रशांत महासागरातल्या पाल्मिरा बेटावर संशोधकांना आढळलं की अनेक समुद्रपक्षी माडावर घरटं करायचं टाळतात. माडांच्या राईसमोरच्या समुद्रात पोषकद्रव्यं कमी, प्लवंग म्हणजे पाण्यात तरंगणारे सूक्ष्म जीव कमी, आणि ते खायला येणारे मँटा रे मासेही कमी. पाल्मिरावरचे उंदीर 2011 मध्ये संपवले गेले आणि माड कमी करून मूळची झाडं वाढवण्याचं कामही हाती घेतलं गेलं.

मग अस्पर्श बेट म्हणजे तरी कोणतं?

निर्मनुष्य दिसतं ते अस्पर्श असतंच असं नाही, आणि हे समजून न घेता तिथल्या एकांताचं कौतुक करणं मला पटत नाही. मार्शल बेटांमधल्या बिकिनीची पुळण आज रिकामी आहे, कारण 1946 साली तिथल्या रहिवाशांना हलवून अमेरिकेने 1958 पर्यंत तिथे 23 अणुचाचण्या केल्या. चागोसमधल्या दिएगो गार्सियावर लष्करी तळ हवा होता म्हणून 1968 ते 1973 या काळात संपूर्ण द्वीपसमूहातल्या लोकांना बाहेर काढलं गेलं. ज्या बेटांना जाहिराती अनाघ्रात म्हणतात, त्यांतल्या काहींवर कोणाच्या तरी आजी-आजोबांच्या कबरी आहेत.

आणि माणूस जिथे राहत नाही तिथेही त्याचा कचरा पोचला आहे. दक्षिण प्रशांत महासागरातलं हेंडरसन बेट निर्मनुष्य आहे, कोणत्याही मोठ्या वस्तीपासून 5,000 किलोमीटरहून लांब. 2017 साली प्रसिद्ध झालेल्या अंदाजानुसार त्याच्या किनाऱ्यांवर प्लॅस्टिकचे सुमारे 3 कोटी 77 लाख तुकडे होते. सेशेल्समधलं अल्दाब्रा, जिथे एक लाखाहून जास्त महाकाय कासवं राहतात, तिथून 2019 मध्ये स्वयंसेवकांनी 25 टन कचरा काढला. उरलेला सुमारे 500 टन असावा असा हिशेब निघाला. त्यातला बहुतेक भाग मासेमारीची जाळी आणि दोर होता, आणि त्यात हजारोंनी रबरी चपलाही होत्या.

पिण्याचं पाणी कुठून येतं?

समुद्राने वेढलेल्या वाळूच्या पट्टीवर विहीर खणली तर गोडं पाणी लागतं. हे कसं?

पाऊस वाळूतून खाली मुरतो. खाली खारं पाणी असतंच. गोडं पाणी खाऱ्यापेक्षा किंचित हलकं असल्याने ते त्याच्यावर तरंगतं आणि बेटाच्या पोटात मध्ये जाड, कडांना पातळ असा थर तयार होतो. ढोबळ नियम असा की समुद्रपातळीच्या वर एक मीटर गोडं पाणी असेल, तर त्याच्या खाली चाळीस मीटरपर्यंत गोडं पाणी असू शकतं. हाच हिशेब उलटाही लागतो. उपसा करून वरची पातळी थोडी जरी उतरली, तरी खालून खारं पाणी त्याच्या कितीतरी पट वर सरकतं. मालदीव, लक्षद्वीप, किरिबाती इथल्या लोकांनी याच थरावर पिढ्यान्‌पिढ्या काढल्या, कारण ते जपून वापरत.

पाहुणे वाढले की दोन्ही बाजूंनी ताण येतो. आंघोळी, धुलाई, जलतरण तलाव यांसाठी उपसा वाढतो, आणि शौचालयांचं पाणी त्याच सच्छिद्र वाळूतून झिरपून त्याच थरात मिसळतं. पुढे ते प्रवाळखडकापर्यंत जातं, तिथे शैवाल माजतं आणि प्रवाळ गुदमरतो. बोराकाय बंद करण्याचं मुख्य कारण मैलापाणीच होतं. प्रक्रिया न करता सांडपाणी थेट समुद्रात सोडलं जात होतं. सहा महिन्यांत बेकायदा बांधकामं पाडली गेली, सांडपाण्याच्या जोडण्या तपासल्या गेल्या आणि बेट उघडताना पर्यटकांच्या संख्येवर मर्यादा आली.

माया बेमध्ये काय घडलं?

ही सुमारे अडीचशे मीटरची पुळण, तिन्ही बाजूंनी चुनखडकाचे उभे कडे. 1999 साली तिथे एका हॉलिवूडपटाचं चित्रीकरण झालं. किनारा अधिक ‘स्वर्गीय’ दिसावा म्हणून वाळू धरून ठेवणारी मूळ झुडपं काढून माड लावले गेले. त्यावरून खटला झाला, तो वर्षानुवर्षं चालला. चित्रपट गाजला आणि पुढे दिवसाला 5,000 पर्यंत माणसं येऊ लागली. स्पीडबोटी थेट पुळणीवर लागत. पंखे तळ ढवळत, गाळ उडून प्रवाळावर बसत असे आणि नांगर पडेल तिथे प्रवाळ मोडत असे.

जून 2018 मध्ये खाडी बंद झाली. आधी चार महिन्यांसाठी ठरलं होतं, पण नुकसान बघून मुदत वाढत गेली आणि ती उघडली थेट जानेवारी 2022 मध्ये. दरम्यान प्रवाळाचे हजारो तुकडे नव्याने लावले गेले, आणि पंखांना काळी टोकं असलेले लहान शार्क मासे उथळ पाण्यात परतले. आता होड्या खाडीत शिरत नाहीत. त्या बेटाच्या मागच्या बाजूला थांबतात आणि माणसं चालत येतात. एका वेळी किती जणांनी यायचं ते ठरलेलं आहे आणि पोहायला मनाई आहे.

यातला धडा माझ्या मते संख्येपेक्षा होडीचा आहे. माणूस वाळूवर उभा राहिल्याने खडकाला काही होत नव्हतं. तो तिथे कसा पोचतो, त्याने सगळं बिघडत होतं.

‘मी एकटा गेलो तर असा काय फरक पडतो?’

खडकाच्या बाबतीत कदाचित पडत नाही, पण घरट्यांच्या बाबतीत पडतो. अनेक सुरय पक्षी घरटं बांधतच नाहीत. उघड्या वाळूवर, वाळूच्याच रंगाची ठिपकेदार अंडी ठेवतात. माणूस जवळ आला की पक्षी उडतो, आणि भर दुपारच्या उन्हात सावली गेलेलं अंडं थोड्याच वेळात निकामी होऊ शकतं. फोटो काढणाऱ्याला अंडी दिसतही नाहीत. त्याला फक्त डोक्यावर ओरडत घिरट्या घालणारा पक्षी दिसतो.

सागरी कासविणी रात्री भरतीरेषेच्या वर येऊन खड्डा खणतात. मोबाइलचा टॉर्च लागला तर त्या अंडी न घालताच परत फिरू शकतात. पिल्लं रात्री बाहेर पडतात आणि क्षितिजावरच्या उजेडाकडे, म्हणजे समुद्राकडे चालतात. मागे दिवे असतील तर ती उलट दिशेने जातात. शिवाय कासवांचं लिंग वाळूच्या तापमानावर ठरतं. वाळू गरम असेल तर माद्या जास्त. ग्रेट बॅरिअर रीफच्या उत्तर भागातल्या किनाऱ्यांवर जन्मलेल्या, अजून प्रौढ न झालेल्या हिरव्या कासवांत 99 टक्क्यांहून जास्त माद्या आढळल्या. समुद्र नीट दिसावा म्हणून किनाऱ्यावरची झुडपं छाटली की सावली जाते आणि वाळू आणखी तापते. रेन बेट लोकांसाठी बंद का, तेही इथे लक्षात येईल. हिरव्या कासवांचं ते जगातलं सर्वात मोठं प्रजननस्थळ आहे. तिथली घरटी भरतीच्या पाण्यात बुडू लागली तेव्हा यंत्रांनी वाळू हलवून पुळणीची उंची वाढवावी लागली.

‘पर्यटक नसतील तर तिथल्या लोकांनी खायचं काय?’

हा आक्षेप सर्वात वजनदार आहे आणि त्याला झटकून टाकता येत नाही. बोराकाय बंद झालं तेव्हा हजारो लोकांचा रोजगार थांबला. पण याच लोकांचं उत्पन्न खडकावर आणि पुळणीवर आहे, त्यामुळे कमी माणसं, जास्त दिवस, स्थानिकांच्या हाती पैसा, असा हिशेब अनेक बेटं मांडू लागली आहेत. प्रशांत महासागरातल्या पलाऊ या देशाने 2017 च्या डिसेंबरपासून येणाऱ्या प्रत्येकाच्या पासपोर्टवर एक प्रतिज्ञा छापायला सुरुवात केली. पाहुणा तिच्यावर सही करतो, आणि ती त्या बेटांवरच्या मुलांना उद्देशून आहे. 2020 पासून प्रवाळाला घातक ठरवलेल्या रसायनांची सनस्क्रीनही तिथे चालत नाहीत. हवाईतही 2021 पासून ऑक्सिबेन्झोन आणि ऑक्टिनॉक्सेट असलेली सनस्क्रीन विकता येत नाहीत. प्रवाळ मरण्याचं मुख्य कारण तापतं पाणी आहे, क्रीम नाही, हे खरंच. पण लांब बाह्यांचा पोहण्याचा कपडा घातला की क्रीमची गरजच बरीच कमी होते, मग ते का करू नये?

‘ही बेटं बुडणारच आहेत ना?’

इतकं सरळ नाही. तुवालूमधल्या 101 बेटांची 1971 ते 2014 या काळातली हवाई आणि उपग्रह छायाचित्रं तपासली गेली. समुद्र चढत असूनही एकूण जमीन 2.9 टक्क्यांनी वाढलेली आढळली. काही बेटं झिजली, पण बऱ्याच बेटांवर वादळांनी आणि लाटांनी खडकावरची वाळू आणि खडी आणून टाकली. म्हणजे खात्यात जमा चालू असेल तर बेट काही प्रमाणात चढत्या समुद्राला तोंड देऊ शकतं. मोठ्या लाटा बेटावरून गेल्या तर गोड्या पाण्याचा थर मात्र खारावतो, त्यामुळे जमीन राहिली तरी राहणं कठीण होऊ शकतं. पण ‘बुडणारच आहे तर बघून घेऊ’ या घाईला यात आधार सापडत नाही. खडक जिवंत ठेवणं यालाच तिथे संरक्षण म्हणतात.

जायचंच असेल तर

होडी ठरवताना एकच गोष्ट आधी विचारा: नांगर कुठे टाकणार? तळाशी कायम बांधलेल्या तरंगत्या बोयाला होडी बांधतात की वाळूच्या तळावर नांगर टाकतात की खडकावर? जो नावाडी याचं उत्तर लगेच आणि तपशिलात देतो, त्याच्याबरोबर जा. निघण्याआधी बुटांचे तळवे, पिशवीच्या शिवणी, तंबूच्या घड्या धुऊन झटकून घ्या. बिया आणि मुंग्या अशाच प्रवास करतात. कागदी खोक्यांतून झुरळं आणि पाली जातात, म्हणून सामान झाकणाच्या डब्यांत भरलेलं बरं.

बेटावर भरतीरेषेच्या खालच्या ओल्या वाळूवरून चाला. अंडी वरच्या कोरड्या भागात असतात, आणि तुमची पावलं पुढच्या भरतीला पुसली जातात. पक्षी डोक्यावर ओरडू लागला तर आलात त्याच वाटेने मागे फिरा. पुढे जाऊन फोटो काढू नका. पाण्यात पाय टेकायचा असेल तर फक्त वाळूवर टेका. खडकावर उभं राहिलं की प्रवाळही मोडतो आणि पायही कापतो, आणि प्रवाळाची जखम चिघळायला वेळ लागत नाही. प्रवाळभिंतीतल्या खिंडीतून ओहोटीला पाणी जोराने बाहेर ओढलं जातं, तिथे पोहू नका. डॉक्टर बहुधा एका बेटाच्या, कधी कधी एका दिवसाच्या अंतरावर असतो.

शिंपले, प्रवाळाचे तुकडे, वाळू यांतलं काही उचलू नका. रिकामा शंख संन्यासी खेकड्याचं पुढचं घर असतो. घर मिळालं नाही तर तो बाटलीच्या झाकणातही शिरतो, आणि दूरच्या बेटांवर ते आता नेहमी दिसतं. ते झाकण मात्र रिकामं असेल तर उचलून आणा, आणि त्याच्याबरोबर हाताला लागेल तो जाळ्याचा तुकडाही.